नियम चार: शेळी दारातच बांधावी

१ जुलै २०२४

ही वही लिहायला घेण्याचं कारण एकच. माझा अहवाल परत आला.

अठ्ठावीस वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. दर महिन्याला अहवाल लिहिला, एकही परत आला नाही. काल पाचोडच्या मंगल कार्यालयात बारा अनाथ मुलांना शेळ्या वाटण्याचा सोहळा झाला. त्याचा दोन पानी अहवाल मी आज सकाळी पाठवला आणि दुपारी तो परत आला. सोबत विश्वजीतचा निरोप: "काकू, भाषा जरा पॉझिटिव्ह हवी. देणगीदार वाचतात."

विश्वजीत माझ्या थोरल्या जावेचा मुलगा. वाळूजला कारखाना आहे, वडिलांच्या नावाने प्रतिष्ठान आहे. मागच्या वर्षी तो आफ्रिकेत दोन आठवडे राहून आला. तिथे एका खेड्यात अनाथ मुलांना शेळ्या देतात, त्यावर मुलं शिकतात, हे त्याने पाहिलं आणि तो गहिवरला. गहिवरलेला माणूस परत आला की नातेवाइकांना कामाला लावतो. मला पर्यवेक्षक केलं.

अहवालात मी एवढंच लिहिलं होतं की पाहुण्यांचं भाषण पन्नास मिनिटं चाललं, तोवर मुलं बाहेर उन्हात उभी होती, आणि स्वागताचे तिन्ही पुष्पगुच्छ शेळ्यांनी खाल्ले. यातलं खोटं काय आहे?

तरीही नवा अहवाल लिहिला. "शेळ्यांनी सोहळ्यात उत्साहाने भाग घेतला." लगेच मंजूर झाला.

तेव्हा यापुढे प्रतिष्ठानला गोड आणि वहीला खरं.

६ जुलै

पहिली तपासणी. माझ्या वाट्याला एकच घर आलं आहे, पण दोन लाभार्थी: रूपा आणि सुयश खरात. पाचोडच्या पुढे चार किलोमीटरवर खेडं, बौद्धवाड्याच्या टोकाला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. बाप सहा वर्षांपूर्वी ट्रकखाली गेला, आई मागच्या वर्षी किडनीने. रूपा दहावीत, सुयश तिसरीत. शेजारच्या घरात चुलता कडूबा, त्याची बायको आणि त्यांची तीन मुलं. जेवण त्यांच्याकडे.

मी भेटीचा दिवस ठरवून दिला आहे: महिन्याचा पहिला शनिवार, साडेअकरा. शनिवारी शाळा सकाळची असते, मुलं घरी सापडतात. आणि मी कधीही दिवस बदलत नाही, हे त्यांना आधीच सांगितलं. शिस्त वरून खाली येते.

दोन्ही शेळ्या दारात, प्रतिष्ठानने दिलेल्या लाल दाव्यांनी बांधलेल्या. कानात पिवळे बिल्ले, सात आणि आठ. नियम चार पाळला गेला आहे: शेळी लाभार्थ्याच्या दारातच बांधावी. नियम चार हा मुळात एक फोटो आहे. आफ्रिकेत विश्वजीतने एका झोपडीच्या दारात शेळी आणि शेजारी हसणारं पोर असा फोटो काढला होता. त्याचा नियम झाला.

फॉर्म भरून घेतला. तोही तिकडचाच, भाषांतर करून आणलेला. प्रश्न नऊ: "परिसरात तरस किंवा सिंह आहेत का? असल्यास संख्या."

रूपाने विचारलं, "बाई, काय लिहू?"

"खरं ते लिही."

तिने लिहिलं: "बिबट्या ऐकलाय. सिंह नाय."

अक्षर चांगलं आहे.

अंगण पाहून मी थक्क झाले. दोन शेळ्या असलेल्या घराच्या अंगणात एक लेंडी नाही. वसतिगृहातल्या मुलींनी शिकावं असं. पहिल्याच आठवड्यात ही शिस्त. माझ्या बोलण्याचा परिणाम होतो, हे विश्वजीतला कळवलं.

३ ऑगस्ट

शेळ्या हजर. अंगण स्वच्छ. प्रतिष्ठानची पाटी मात्र भिंतीवर नव्हती. "अनाथ बालक शेळी प्रकल्प, लाभार्थी क्र. ७ व ८" अशी मोठी पत्र्याची पाटी दिली आहे, ती दर्शनी भागात हवी. शोधली तर रूपाच्या मांडीवर उलटी. त्यावर वही ठेवून गणितं सोडवत होती.

"पाटी भिंतीवर लावायची असते."

"लावते बाई. हे एवढं उदाहरण झालं की."

मी पाहिलं. वर्गसमीकरण होतं, बरोबर सोडवत होती. मी दोन मिनिटं थांबले. पाटीचा आकार त्या कामाला बरा आहे, हे नाकारता येत नाही.

सुयशला विचारलं, तुझ्या शेळीचं नाव काय? तो म्हणाला, "राणी. फमाखालानं ठेवलं." रूपाने त्याला चिमटा काढला. शेजारची कोणी असेल. परक्यांनी नावं ठेवू नयेत, मुलांनी स्वतः ठेवावीत, असं मी सांगितलं. प्रकल्पाचा हेतू आपुलकी निर्माण करणं हा आहे.

७ सप्टेंबर

आज गणेश चतुर्थी. प्रतिष्ठानची कमिटी आरत्यांत. मी एसटीत. पहिला शनिवार म्हणजे पहिला शनिवार.

सात नंबरची शेळी व्यायली, दोन पिल्लं: एक पाट, एक बोकड. म्हणजे एक मादी, एक नर. नियम सहाप्रमाणे पहिली पाट पाच महिन्यांची झाली की पुढच्या अनाथ मुलाला द्यायची. रूपाने मान डोलावली.

मी तिथे असताना आठ नंबरचं दावं सुटलं. शेळी जी पळाली ती थेट खालच्या आळीत, वळून पाहिलं नाही. सुयश मागे धावला आणि पाच मिनिटांत घेऊन आला. शेळी हा मूर्ख प्राणी आहे. सव्वादोन महिने ज्या दारात बांधली त्या दाराची ओळख नाही.

रूपाला चाचणीत गणितात शंभरपैकी एक्याण्णव. विश्वजीतला कळवलं. त्याने उत्तर पाठवलं, "शेळीच्या दुधाची कमाल." आता कारखान्यातल्या इंजिनियरांनाही पाजावं.

५ ऑक्टोबर

सर्व ठीक. अंगण नेहमीसारखंच. कडूबा भेटला. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार, बायको-पोरं सगळी. "ही दोघं?" मी विचारलं.

"राहत्यात म्हणतेत. शेळ्या हायत, शेजार हाय. मला बी नाय पटत, पण पोरगी ऐकती का? मार्चात परीक्षा म्हणं." मग म्हणाला, "शेळ्या नसत्या तर बाई, मी ऐकलं नसतं. कारखान्यावर नेली असती. पोरगी वाढी बांधते, पोरगं बैलांकडं बघतं."

वाढी म्हणजे उसाचे शेंडे. ते बांधायला दहावी लागत नाही. आणि परीक्षा मार्चात नाही, फेब्रुवारीत आहे. त्याला सांगितलं.

२३ ऑक्टोबर

पुढचा पहिला शनिवार दिवाळीच्या पाडव्याला येतो. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी दिवस बदलला आणि आज, बुधवारी गेले. कळवलं नाही. कळवायचं कशाला?

दाराला कुलूप. शेळ्या नाहीत. दावी खुंटीला लटकलेली, कोरी करकरीत. अंगणात लेंडी नाही, आणि आज प्रथमच मला कळलं की अंगण झाडलेलं नव्हतं. तिथे लेंडी पडलीच नव्हती.

सप्टेंबरात आठ नंबर ज्या आळीत पळाली होती, त्या आळीत गेले. टोकाच्या घरासमोर वीसेक शेळ्या. त्यात सात आणि आठ, पिवळे बिल्ले लावून, बोरीचा पाला खात. अंगणात तिशीचा एक माणूस दोन बोकडांचे पाय बांधून टेम्पोत चढवत होता. पाचोडचा बाजार. ओट्यावर साठीची बाई बसली होती.

"या शेळ्या कोणाच्या?"

"रूपाच्या," ती म्हणाली. अगदी शांतपणे.

"मग इथे काय करताहेत?"

"खातेत."

टेम्पोकडे पाहून मला पुढचं विचारायची गरज वाटली नाही. दोनची एसटी होती. एसटीतच अहवाल लिहिला: लाभार्थ्यांनी शेळ्या बोकडांच्या व्यापाऱ्याला दिल्या आहेत. दर महिन्याला तपासणीपुरत्या आणून बांधतात. चार महिने फसवणूक.

मला, जिने अठ्ठावीस वर्षं हजेरी घेतली, एका दहावीतल्या मुलीने चार वेळा उभं करून फसवलं. चारही वेळा मी तिचं अंगण वाखाणलं.

२५ ऑक्टोबर

अहवाल परत आला नाही. उलट विश्वजीतचा निरोप: "काकू, एकदम कडक. असंच हवं."

भाषा मी सौम्य केली नव्हती. म्हणजे माझी भाषा कमिटीबद्दल टोचरी असली तर टोचते, मुलांबद्दल असली तर कोणालाच टोचत नाही. हे आज शिकले.

ठराव: ९ नोव्हेंबरला कमिटी स्वतः येणार, अहवाल खरा निघाला तर त्याच दिवशी शेळ्या परत घेणार, आणि मुलांना "कुटुंबाच्या प्रेमळ छायेत" सोपवणार. कुटुंब म्हणजे कडूबा. छाया म्हणजे साखर कारखान्याच्या आवारातली खोपटी. नोटीस मी द्यायची.

२६ ऑक्टोबर

नोटीस घेऊन गेले. साडेअकरा. रूपा शाळेतून नुकतीच आली होती, दप्तर खांद्यालाच. पहिला शनिवार नव्हता, त्यामुळे दारात शेळी नव्हती आणि तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

मी नोटीस वाचून दाखवली. ती रडेल असं वाटलं होतं. मला रडणाऱ्या मुलींची सवय आहे.

ती म्हणाली, "बाई, एक विचारू?"

"विचार."

"शेळी दिवसभर दारात बांधली तर तिला पाला कोण आणणार? मी. चारायला कोण नेणार? मी. मग शाळंत कोण जाणार? शेळी?"

तिने दप्तर खाली ठेवलं.

"तुमच्या कागदावर वरच लिवलंय, मुलांच्या शिक्षणासाठी. मी लई वेळा वाचलं. मग चारावर आले तर तिथं लिवलंय दारात बांधा. दोन्ही कसं जमंल ते पाचात लिवलं असंल म्हणून पाच वाचलं. पाच लसीचा हाय."

मग तिने मला त्या घरी नेलं. बाईंचं नाव फहमिदाबी, सुयशची फमाखाला ती हीच. टेम्पोवाला तिचा मुलगा रहीम. स्वतःची बोकडं विकतो, दुसऱ्याची नाही. फहमिदाबी आणि रूपाची आई दहा वर्षं एकाच शेतात कापूस वेचत होत्या.

"बसा बाई. त्या दिवशी बसल्या नाहीत, पाणी बी घेतलं नाही. टेम्पो बघून पळाल्या."

"पळाले नाही. एसटी होती."

"हौ, एसटी होती." तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "ह्या बकऱ्या अर्धलीनं हायत माझ्याकडं. माझ्या सासूपासनं चालतं हे गावात. बकरी तिची, चराई माझी, दूध माझं. पिल्लं निम्मी निम्मी. एका वेताला दोन झाली, पाट तिची, बोकड माझा. पुढच्या वेताला बघू. पोराला रोज कपभर दूध देते, ते हिशोबात नाय."

"पण प्रतिष्ठानचा नियम आहे."

"असंल. बकरीला वाचून दाखवला होता का?"

सुयश फिदकन हसला. रूपाने त्याच्याकडे पाहिलं, तसा गप्प झाला.

"तू मला आधी का सांगितलं नाहीस?" मी रूपाला विचारलं.

"तुम्ही विचारलं का, की शाळंत जाते तव्हा शेळ्या कुठं असत्यात? तुम्ही फक्त मोजल्या."

फहमिदाबी म्हणाली, "पोरी, मोठ्या बाईशी असं बोलू नाय." मग माझ्याकडे वळून, "पण खरं बोलली."

मी पाणी प्यायले. नोटीस पर्समध्ये परत ठेवली. का ठेवली ते आता लिहिताना कळत नाही. कागद कुठेही टाकू नये ही सवय, दुसरं काय.

२८ ऑक्टोबर

विश्वजीतला फोन केला. अर्धली समजावली. म्हटलं, लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. ज्याच्याकडे जनावर आहे पण वेळ नाही, तो ज्याच्याकडे वेळ आहे पण जनावर नाही त्याला देतो. दोन घरं चालतात.

"काकू, कॉन्सेप्ट चांगला आहे, पण आपल्या मॉडेलमध्ये बसत नाही. आफ्रिकेत त्या मुलांच्या दारात शेळ्या मी स्वतः बघितल्यात."

"तू येणार हे त्यांना माहीत होतं का?"

"अर्थात. अख्खं गाव जमलं होतं स्वागताला."

मी फोन ठेवला. त्या मुलांना मी ओळखत नाही, पण त्यांच्या एखाद्या फमाखालाचं अंगण त्या दिवशी रिकामं पडलं असणार, असा मला आता दाट संशय आहे.

२ नोव्हेंबर

पाडवा. बहिणीकडे पडेगावला गेले. सगळे म्हणाले, तू आज गप्प का? श्रीखंड खात होते, असं सांगितलं.

शेळ्या गेल्या तर कडूबा मुलांना नेणार. तो वाईट माणूस नाही. अडीअडचणीला विकायला एक पिल्लूही नसताना दोन पोरांना उपाशी मागे ठेवायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं आहे. परीक्षेच्या वेळी ती उसाच्या फडात असेल. आणि ती तिथे माझ्या दोन पानांमुळे असेल. एकही शब्द चुकीचा लिहिलेला नव्हता, फक्त "व्यापाऱ्याला दिल्या" हे तीन पायऱ्या गाळून लिहिलं होतं. वसतिगृहात अशी चूक करणाऱ्या सहायिकेला मी लेखी समज दिली होती.

८ नोव्हेंबर

आज जाऊन रूपाला एवढंच सांगितलं: "उद्या कमिटी साडेअकराला येते आहे. दुसरा शनिवार आहे, पण तू पहिला समज."

ती बघत राहिली. "तुमी सांगताय?"

"मी काही सांगत नाही. आणि अंगणात दहा-वीस लेंड्या आणून टाक. इतकं स्वच्छ अंगण कोणालाही खरं वाटणार नाही. मलाच कसं वाटलं कोण जाणे."

मागून फहमिदाबीचा आवाज आला, "टोपलीभर देते. ताज्या."

९ नोव्हेंबर

दोन गाड्या, सात माणसं. शेळ्या दारात, लाल दाव्यात. पाट आणि बोकड आईला ढुसण्या मारत. लेंड्या पुरेशा. पाटी भिंतीवर, सुलटी.

विश्वजीतने अंगण पाहिलं, शेळ्या पाहिल्या, मग मला बाजूला घेतलं. "काकू, तुम्ही तर लिहिलं होतं..."

"लिहिलं होतं."

"मग?"

यावर मी आधीच विचार केला होता. कागदही तयार होता. दिला. "दि. २३ ऑक्टोबरच्या भेटीत वयोमानामुळे माझ्याकडून नजरचूक झाली. दुसऱ्याच्या शेळ्यांचे बिल्ले मी चुकीचे वाचले. सर्व शेळ्या लाभार्थ्यांच्या दारात, आनंदात आहेत." खाली सही. संध्या, बी.एस्सी., निवृत्त रेक्टर. माझ्या चष्म्याचा नंबर सहा वर्षांत बदललेला नाही.

त्याने वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होतं काकू. या वयात होतं. तुम्ही दगदग करू नका."

लहानपणी हा मुलगा माझ्याकडे पाढे म्हणायचा. सतराचा पाढा त्याला कधीच आला नाही.

फोटो काढले. सुयशला शेळीच्या गळ्यात हात टाकून हसायला सांगितलं. शेळी राणी म्हटल्यावर वळली, त्यामुळे फोटो चांगला आला. कमिटीतले एक जण म्हणाले, बघा, जनावराला पोराचा किती लळा. आळीच्या तोंडाशी फहमिदाबी डोक्यावर पदर घेऊन उभी होती. हसली नाही. मीही नाही.

गाड्या गेल्यावर कडूबा म्हणाला, "शेळ्या राहिल्या तर मग बरं. मंगळवारी निघतो आम्ही." एवढंच. बैलगाडीचं जू बांधायला परत गेला.

१५ नोव्हेंबर

माझा तो माफीचा कागद प्रतिष्ठानच्या मासिकात छापून आला. "प्रामाणिकपणाचा वस्तुपाठ" या मथळ्याखाली. मी लिहिलेलं पहिलं पूर्ण खोटं, आणि ते एकही शब्द न बदलता मंजूर झालं.

सोबत पत्र: आपल्या प्रकृतीचा विचार करून आपल्याला जबाबदारीतून मुक्त करत आहोत. फेब्रुवारीपासून कारखान्याच्या कार्यालयातले राजेंद्र पाहतील.

१ फेब्रुवारी २०२५

आज चार्ज दिला. राजेंद्र बरा मुलगा आहे, सारखा घड्याळाकडे पाहतो. रूपा सराव परीक्षेत वर्गात दुसरी. पहिला क्रमांक शाळेतल्या एका सरांच्या मुलाचा, तो कसा, हे तिने मला सविस्तर सांगितलं. आठ नंबर जानेवारीत व्यायली, दोन पिल्लं, दोन्ही माद्या. एक रूपाची, एक फहमिदाबीची.

सुपूर्द केलं ते असं:

पाट एक, सात नंबरची, पाच महिन्यांची, काळी, डाव्या कानावर पांढरा ठिपका. नियम सहाप्रमाणे पुढचा लाभार्थी मुनीब, वय दहा, आईवडील नाहीत, फहमिदाबीच्या पुतण्याचा मुलगा. पाट देताना जागची हलली नाही. त्याच अंगणात, त्याच बोरीखाली उभी राहिली, फक्त कागदावर मालक बदलला.

हजेरीपट एक. फॉर्म बावीस, कोरे, सिंहांसह. शिक्का एक.

पत्र्याची पाटी एक, रूपाकडेच. परीक्षा होईपर्यंत उलटी राहील, असा शेरा मारला आहे.

लाल दावी दोन, लाभार्थ्यांकडेच. पाच वेळा वापरलेली. अजून बरीच वर्षं टिकतील.

शेवटी राजेंद्रसाठी एक लेखी सूचना, लाल शाईत, खाली रेघ मारून: भेट महिन्याच्या पहिल्या शनिवारीच, साडेअकरानंतर. दिवस कोणत्याही कारणाने बदलू नये. त्याने विचारलं, इतकं काटेकोर कशासाठी?

शिस्त म्हणून, मी सांगितलं. त्याची सही घेतली.